घराचे मूल्यांकन : खरेदीदाराप्रती मूल्यांकनकाराची जबाबदारी कुठवर जाते आणि कुठे थांबते

ठाण्यात किंवा नवी मुंबईत रीसेल फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबाला गृहकर्ज मंजूर झाले, की एजंट, विकणारा आणि कित्येकदा घरातली वडीलधारी माणसेही एकच वाक्य म्हणतात : "बँकेने सगळे तपासले आहे." या वाक्याच्या भरवशावर साठेखतावर सह्या होतात आणि आयुष्यभराची बचत एका व्यवहारात ओतली जाते. प्रत्यक्षात बँकेने जे तपासलेले असते, ते तिने स्वतःच्या पैशाच्या सुरक्षिततेसाठी तपासलेले असते. त्या तपासणीतील मूल्यांकनाचा अहवाल तर एका मर्यादित प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच लिहिलेला असतो. तो प्रश्न कोणता, त्या अहवालावर खरेदीदाराने किती विसंबावे, उरलेल्या प्रश्नांसाठी कोणाकडे जावे आणि अहवाल चुकल्यास काय करावे, हे विसाराची रक्कम देण्याआधी समजून घेतले पाहिजे; नंतर समजून त्याचा फारसा उपयोग होत नाही.

बँकेचा अहवाल कोणासाठी असतो

पॅनेलवरील मूल्यांकनकाराची नेमणूक बँक करते. त्याचे शुल्क बहुधा प्रक्रिया शुल्कातून किंवा वेगळ्या आकारणीने कर्जदाराच्याच खिशातून जाते, म्हणून तो आपला माणूस आहे असा समज होतो. परंतु कामाचा आदेश बँकेचा असतो, अहवाल बँकेच्या नावाने असतो आणि त्यातील मर्यादांच्या कलमांत हा अहवाल केवळ बँकेच्या वापरासाठी आहे असे बहुधा स्पष्ट लिहिलेले असते. बँकेचा प्रश्न असा असतो की, हप्ते थकले आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ही मालमत्ता विकावी लागली, तर कर्ज वसूल होईल का. त्यामुळेच अहवालात एक आकडा नसून अनेक आकडे असतात : वाजवी बाजारमूल्य, विक्रीतून प्रत्यक्ष हाती येऊ शकेल असे मूल्य, सक्तीच्या विक्रीतील मूल्य, रेडी रेकनरनुसारचे मूल्य आणि विम्यासाठीचे मूल्य. खरेदीदार यांतील सर्वांत मोठा आकडा पाहून समाधान मानतो. माझ्या मते त्याने सक्तीच्या विक्रीतील मूल्यही तितक्याच लक्षपूर्वक पाहावे, कारण अडचणीच्या दिवसांत घर विकावे लागले तर आपल्या हाती काय येईल याचा तो एक सावध अंदाज असतो.

बाजारमूल्याचा आकडा ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आला, तर ती गोष्ट केवळ कर्जाची अडचण म्हणून सोडवू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला मालमत्तेच्या मूल्याच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के अशी कमाल मर्यादा आहे, आणि बँका सामान्यतः करारातील किंमत व मूल्यांकन यांपैकी कमी रक्कम धरतात. समजा, ठाण्याच्या पाचपाखाडीतील एका फ्लॅटची किंमत १ कोटी २० लाख ठरली आणि मूल्यांकन १ कोटी १० लाख आले, तर जास्तीत जास्त कर्ज ९० लाखांवरून ८२ लाख ५० हजारांवर येते. अशा वेळी एजंट दुसऱ्या बँकेत फाइल टाकण्याचा सल्ला देतो. त्याआधी खरेदीदाराने विचारावे की, त्याच इमारतीतील किंवा त्याच रस्त्यावरील कोणते व्यवहार पाहून हा आकडा काढला आहे, आणि आपण दहा लाख जास्त का देत आहोत. कमी आलेले मूल्यांकन हा पुष्कळदा खरेदीदाराला फुकट मिळालेला सर्वांत प्रामाणिक सल्ला असतो.

मूल्यांकनकार कशाला बांधील असतो

त्याची जबाबदारी मुख्यतः त्याने स्वतः पाहिल्याचे, मोजल्याचे आणि तुलना केल्याचे जे लिहिले आहे त्यापुरती असते. योग्य फ्लॅट ओळखणे, प्रत्यक्ष जागेवर जाणे, क्षेत्रफळ मोजणे किंवा ते कोणत्या कागदावरून घेतले हे सांगणे, तुलनेसाठी खरे आणि अलीकडचे व्यवहार निवडणे, डोळ्यांना दिसणारी मोठी हानी नोंदवणे आणि हे सर्व करताना त्याच्या व्यवसायातील सामान्य कुशल माणसाइतकी काळजी घेणे, ही त्याची कर्तव्ये होत. तिसऱ्या मजल्याऐवजी चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट पाहून अहवाल लिहिला, किंवा जागेवर न जाताच फोटो जोडले, तर ती मतभिन्नता नसून कर्तव्यातील कसूर आहे. याउलट दोन सक्षम मूल्यांकनकारांच्या आकड्यांत काही टक्क्यांचा फरक पडणे स्वाभाविक आहे, आणि तेवढ्यावरून कोणालाही निष्काळजी ठरवता येत नाही.

आकडा एका विशिष्ट तारखेचा असतो, हेही लक्षात ठेवावे. त्यानंतर बाजार पडला, शेजारी उड्डाणपूल आला किंवा मेट्रोचे काम लांबले, तर त्याचा भार मूल्यांकनकारावर टाकता येत नाही. इमारतीचा पुनर्विकास होणार असल्याच्या चर्चेलाही हेच लागू आहे. ठाण्यातील नौपाडा, चरई, घंटाळी या भागांत जुन्या फ्लॅटच्या किमतीत पुनर्विकासाची आशा मिसळलेली असते. काळजीपूर्वक काम करणारा मूल्यांकनकार मंजूर कागद असल्याशिवाय ती आशा मोजत नाही, आणि खरेदीदारानेही ती मोजू नये.

कशाला बांधील नसतो

पहिली गोष्ट म्हणजे मालकी हक्क. अहवालात मालकाचे नाव लिहिलेले असते, पण ते त्याला दाखवलेल्या कागदांवरून उतरवलेले असते. हक्क निर्वेध आहे का, जुने गहाण आहे का, मृत मालकाच्या सर्व वारसांची संमती आहे का, हे वकिलाने शोध घेऊन सांगायचे असते. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, मागील सर्व करारांची साखळी, इंडेक्स-२ चे उतारे, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट हे त्याचे क्षेत्र आहे. ठाण्यात त्यात आणखी दोन प्रश्न घालावेत : जमिनीचे सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) किंवा मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) झाले आहे का, आणि जमीन यूएलसी म्हणजे नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालील सवलतीची किंवा कलेक्टर लँड, म्हणजे सरकारने अटींवर दिलेली जमीन, तर नाही ना.

नवी मुंबईत प्रश्नांचे स्वरूप बदलते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने बहुसंख्य भूखंड भाडेपट्ट्याने दिलेले आहेत आणि मूळ करार सामान्यतः ६० वर्षांचे आहेत. म्हणजे वाशी किंवा नेरूळच्या जुन्या सेक्टरमध्ये फ्लॅट घेताना पट्ट्याची शिल्लक मुदत किती, हस्तांतरणासाठी सिडकोची परवानगी लागते का, शुल्क किती आणि मागील हस्तांतरणांची शुल्के भरलेली आहेत का, हे पाहावे लागते. साडेबारा टक्के योजनेच्या, म्हणजे प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या बदल्यात दिलेल्या, भूखंडावरील इमारत असेल, तर मूळ वाटपापासून बिल्डरपर्यंतची प्रत्येक कडी तपासावी. गावठाणालगतच्या, 'गरजेपोटी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे मूळ गावकऱ्यांनी परवानगीशिवाय केलेल्या बांधकामांबाबत तर विशेष सावधगिरी हवी. शेजारच्या सेक्टरपेक्षा तिथले फ्लॅट स्वस्त मिळतात, काही पतसंस्था कर्जही देतात, आणि अहवालात बाजारमूल्याचा आकडाही येतो. तो आकडा बांधकाम अधिकृत असल्याचे सांगत नाही. ऐरोलीच्या पलीकडे दिघ्यातील अनधिकृत इमारतींवर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ पासून कारवाई सुरू झाली, तेव्हा घर घेतलेल्या सामान्य कुटुंबांना घराबाहेर पडण्याची वेळ आली. म्हणून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती स्वतः मिळवाव्यात, आणि त्या महापालिकेच्या किंवा सिडकोच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. एजंटने मोबाइलवर पाठवलेली छायाप्रत पुरेशी मानू नये.

दुसरी आणि माझ्या मते सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे इमारतीची संरचनात्मक मजबुती. बँकेच्या अहवालात 'इमारतीचे वय' आणि 'शिल्लक आयुष्य' असे रकाने असतात. 'शिल्लक आयुष्य ३५ वर्षे' हे शब्द वाचून खरेदीदार निश्चिंत होतो. हा आकडा म्हणजे बहुधा गृहीत धरलेल्या एकूण आयुर्मानातून इमारतीचे वय वजा करून आलेली बाकी असते, आणि 'योग्य देखभाल होत राहिल्यास' ही अट तिच्यासोबत जोडलेली असते. मूल्यांकनकार काँक्रीटचा नमुना काढत नाही, आतील सळ्या गंजल्या आहेत का हे यंत्राने पाहत नाही, फॉल्स सीलिंग उघडत नाही. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत सळ्या गंजण्याचा वेग जास्त असतो आणि नवा रंग दिलेल्या स्लॅबखाली ते वर्षानुवर्षे दिसत नाही. वाशीतील सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतींमध्ये प्लास्टर आणि स्लॅबचे तुकडे पडण्याच्या तक्रारी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे सांगावे लागणार नाही. आणि इमारत नवी असणे हीदेखील हमी नव्हे : ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ कोसळलेली इमारत बांधकाम चालू असलेली, अनधिकृत होती, आणि तिच्याखाली ७४ जणांचा जीव गेला.

म्हणून जुन्या इमारतीत फ्लॅट घेताना सोसायटीकडे संरचनात्मक परीक्षणाचा शेवटचा अहवाल मागावा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक आहे. त्यामुळे अशा इमारतीच्या सोसायटीने 'ऑडिट झालेलेच नाही' असे सांगितले, तर तेच खरेदीदारासाठी पुरेसे उत्तर समजावे. ठाणे आणि नवी मुंबई महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक आणि तात्काळ रिकामी करण्याजोगी, तर सी-२ए मध्ये इमारत रिकामी करून आणि सी-२बी मध्ये ती रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करावी लागते, आणि सी-३ मध्ये किरकोळ दुरुस्ती येते. यादीत आपली इमारत आहे का, हे पाहायला काही मिनिटे लागतात.

क्षेत्रफळाबाबत थोडक्यात : २०१६ च्या स्थावर संपदा (रेरा) कायद्यातील कार्पेट क्षेत्राच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि गच्ची धरली जात नाही, पण आतील पार्टिशनच्या भिंती धरल्या जातात. अहवालातील क्षेत्र बिल्ट-अप आहे की कार्पेट, आणि ते मोजलेले आहे की करारातून उतरवलेले, हे वाचल्याशिवाय दर प्रति चौरस फुटाची तुलना करू नये.

कायदा काय म्हणतो

करार बँक आणि मूल्यांकनकार यांच्यात असल्यामुळे खरेदीदार त्या करारासाठी त्रयस्थ ठरतो, आणि त्रयस्थाला सामान्यतः करारभंगाचा दावा करता येत नाही, ही भारतीय करार कायद्यातील स्थिर भूमिका आहे. निष्काळजीपणाचा स्वतंत्र दावा शक्य असला, तरी मूल्यांकनकाराला आपल्यावर कोण विसंबणार आहे याची जाणीव होती, आपण खरोखर विसंबलो, आणि त्यामुळेच नुकसान झाले, हे सिद्ध करावे लागते. इंग्लंडमध्ये १९८९ साली स्मिथ विरुद्ध एरिक एस. बुश या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने, कर्ज देणाऱ्या संस्थेने नेमलेल्या मूल्यांकनकाराला साध्या घराच्या खरेदीदाराप्रतीही जबाबदार धरले होते. त्या घरातील धुराड्याचा (चिमणीचा) खालचा भाग आधी कोणीतरी काढून टाकला होता, वरच्या भागाला आधार उरला आहे का हे मूल्यांकनकाराने पाहिले नाही, आणि पुढे तो कोसळला. अहवालात जबाबदारी नाकारणारे कलम असूनही न्यायालयाने ते वाजवी मानले नाही, कारण असा खरेदीदार शुल्क स्वतः देतो आणि वेगळी तपासणी सहसा करत नाही, हे त्या व्यवसायाला ठाऊक होते. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. तो युक्तिवादाला बळ देतो, इतकेच. त्याच देशात १९९६ मध्ये असेही ठरले, की चुकीच्या मूल्यांकनाची भरपाई त्या चुकीतून उद्भवलेल्या नुकसानीपुरतीच असते, बाजार पडल्यामुळे झालेल्या तोट्याची नसते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवा घेणाऱ्याबरोबरच त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक ठरू शकतो, त्यामुळे शुल्क भरलेल्या कर्जदाराला काही वाव आहे. तरीही बँकेचा मूल्यांकनकार आणि खरेदीदार यांचे नाते वादाचा मुद्दा होऊ शकते, हे गृहीत धरावे. वकिलाच्या बाबतीत मात्र मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिली सेवा या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली, म्हणून मालकी शोधातील चुकीसाठी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद आहे. फौजदारी तक्रारीचा विचार करणाऱ्यांनी हेही जाणावे, की २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या पॅनेलवरील एका वकिलाच्या प्रकरणात, केवळ चुकीचे किंवा निष्काळजी मत दिले म्हणून कटाचा आरोप टिकत नाही, संगनमताचा पुरावा हवा, असे म्हटले आहे. तेच तत्त्व मूल्यांकनकाराच्या बाजूनेही मांडले जाईल.

विकणाऱ्याची जबाबदारी मात्र थेट आहे, आणि खरेदीदार तिच्याकडे नेमके दुर्लक्ष करतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साध्या दक्षतेने कळू न शकणारा मोठा दोष त्याने उघड केलाच पाहिजे. फ्लॅट प्रवर्तकाकडून (बिल्डरकडून) घेतला असेल, तर रेरा कायद्यानुसार ताब्यापासून पाच वर्षांत लक्षात आणून दिलेला संरचनात्मक दोष दुरुस्त करणे त्याला भाग आहे, आणि जमिनीच्या मालकीतील दोषामुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईला मुदतीचे बंधन नाही.

स्वतःचा मूल्यांकनकार कसा नेमावा

वरील सर्व अनिश्चितता एका साध्या कृतीने बरीच कमी होते : विसार देण्यापूर्वी स्वतः, स्वतःच्या नावाने, लेखी पत्राने मूल्यांकनकार नेमावा. संपत्ती कर रद्द झाला असला, तरी १९५७ च्या संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४-एबी खालील नोंदणी असलेले मूल्यांकनकार आजही मोठ्या प्रमाणावर काम करतात; शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २४७ खाली आयबीबीआयकडे (भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे) 'जमीन व इमारत' या वर्गात नोंदलेलेही आहेत. यांपैकी एका नोंदणीचा क्रमांक मागावा आणि पडताळावा. एजंटने सुचवलेला किंवा विकणाऱ्याच्या ओळखीचा माणूस टाळावा, कितीही सोयीचा वाटला तरी.

नेमणुकीच्या पत्रात पुढील आशयाचा मजकूर अवश्य घालावा : "वर नमूद केलेला फ्लॅट मी राहण्यासाठी विकत घेणार असून, तो घ्यावा की नाही आणि किती किमतीला घ्यावा, हा निर्णय मी आपल्या अहवालावर विसंबून घेणार आहे." हे एक वाक्य पुढे कुठल्याही आयोगासमोर सर्वांत मोलाचे ठरते, कारण विसंबणे आणि त्याची जाणीव या दोन्ही गोष्टी त्यात कागदावर येतात. त्यानंतर प्रश्न नेमकेपणाने लिहावेत. रेराच्या पद्धतीने मोजलेले कार्पेट क्षेत्र, गेल्या वर्षभरातील निदान तीन नोंदणीकृत व्यवहार दस्त क्रमांकासह, ओल, भेगा, उघड्या पडलेल्या सळ्या आणि काढून टाकलेल्या भिंती यांची नोंद, मंजूर नकाशाशी प्रत्यक्ष रचनेतील फरक, तारखेसह फोटो, आणि कोणती खोली बंद असल्यामुळे पाहता आली नाही याचा स्पष्ट उल्लेख मागावा. भिंत काढलेली दिसली, तर तिच्यात आधाराचा भाग होता का, हे संरचना अभियंत्याला विचारावे. तुलनेचे व्यवहार खरेदीदाराला नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स-२ शोधून स्वतःही पाहता येतात, आणि ते जरूर पाहावेत. व्यावसायिक दायित्वाचा विमा आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. शुल्क धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावे आणि पावती घ्यावी. रोखीने दिलेल्या शुल्कामुळे ग्राहक असल्याचे सिद्ध करणे अवघड होते.

अहवाल हाती आला की शेवटची मर्यादांची पाने आधी वाचावीत. तिथे लिहिलेली प्रत्येक 'तपासलेले नाही' ही नोंद कोणाकडून तपासून घ्यायची, हे त्याच पानावर पेन्सिलीने लिहावे : वकील, संरचना अभियंता, सोसायटी, महापालिका किंवा सिडको. एखाद्या नोंदीपुढे नाव लिहिता आले नाही, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

विसार पावतीत आणि साठेखतातही दोन अटी असाव्यात. बँकेचे मूल्यांकन ठरलेल्या रकमेपेक्षा कमी आल्यास, किंवा मालकी, भोगवटा प्रमाणपत्र वा संरचनात्मक परीक्षणात दोष आढळल्यास, ठरावीक दिवसांत विसार पूर्ण परत मिळेल, ही पहिली. दुसरी म्हणजे, विक्रेत्याने गळती, केलेले अंतर्गत बदल, महापालिकेच्या नोटिसा आणि सोसायटीची थकबाकी यांबद्दल लेखी निवेदन द्यावे व ते खोटे ठरल्यास नुकसानभरपाईची हमी घ्यावी. हे निवेदन द्यायला जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्याबाबत कोणत्याही अहवालापेक्षा ती टाळाटाळ अधिक सांगते.

चूक आढळल्यास

प्रथम चुकीचा प्रकार ठरवावा. वस्तुस्थितीची चूक असेल, म्हणजे क्षेत्र, मजला, न केलेली पाहणी, तर मूल्यांकनकाराला लेखी कळवून दुरुस्ती व खुलासा मागावा. केवळ आकडा जास्त वाटत असेल, तर त्याच तारखेसाठी दुसऱ्या नोंदणीकृत मूल्यांकनकाराचे मत घ्यावे. आजच्या भावाशी तुलना निरुपयोगी आहे. दोष मालकीचा, परवानगीचा किंवा मजबुतीचा असेल, तर विक्रेता किंवा प्रवर्तक यांच्यावर लक्ष केंद्रित करावे, कारण तिथे कायदा अधिक स्पष्ट आहे आणि वसुलीची शक्यताही अधिक असते.

बँकेच्या मूल्यांकनाबाबत तक्रार असल्यास अहवालाची प्रत बँकेकडे लेखी मागावी आणि तक्रार शाखेबरोबर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवावी. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सेवेतील त्रुटी मांडता येते, पण कर्ज किती द्यायचे हा बँकेचा व्यावसायिक निर्णय तिथे बदलून मिळत नाही. आयबीबीआयकडे नोंदणी असलेल्या मूल्यांकनकाराविरुद्ध त्याच्या मूल्यांकनकार संघटनेकडे किंवा थेट आयबीबीआयकडे तक्रार करता येते; तिथून शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, भरपाई मात्र मिळत नाही. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग, जिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते, किंवा दिवाणी न्यायालय, जिथे अशा दाव्यांना सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. नेमणुकीचे पत्र, शुल्काची पावती, अहवालाची सही असलेली मूळ प्रत, पाहणीच्या दिवसाचे फोटो आणि दोष पहिल्यांदा लक्षात आल्याच्या तारखेचा पुरावा एकत्र ठेवावा, आणि दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी स्वतंत्र अभियंत्याकडून दोषाची नोंद करून घ्यावी, कारण प्लास्टर नव्याने झाल्यावर तो दोष तिथे होता हे दाखवणे फार कठीण जाते.